गुंतवळीचा डबा

कडुनिंबाची पानं गळायला लागली की मला त्या झाडाचा राग येतो.

आमच्या कॉलेजच्या आवारात तीन कडुनिंब आहेत. मार्च लागला की व्हरांड्याच्या फरशीवर पिवळ्या पानांचा थर बसतो. झाडणाऱ्या मावशी दिवसातून दोनदा झाडतात आणि दोनदा झाडांना शिव्या घालतात. बारावीची परीक्षा याच दिवसांत असते. मुलं झाडाखाली उभी राहून शेवटची उजळणी करतात आणि त्यांच्या उघड्या वह्यांमध्ये पानं येऊन पडतात. गेल्या वर्षी याच व्हरांड्यात आमच्या भूगोलाच्या बाई माझ्या भांगाकडे बघत म्हणाल्या, "झाडाकडून शिकावं मॅडम. पंधरा दिवसांत बघा कशी पालवी फुटते."

मी हसले. हसायला नको होतं. झाडाच्या फांदीखालून त्याची टाळू दिसत नाही आणि ती बघून त्याला कुणी कांद्याचा रस लावायला सांगत नाही. पानगळीची उपमा ज्यांना सुचते त्यांचे केस शाबूत असतात.

त्याच्या आदल्या हिवाळ्यात, दिवाळी उरकल्यावर, माझी थायरॉइड काढून टाकली होती. गळ्यावर आडवी खूण राहिली. महिनाभर आवाज बसलेला होता. मी मराठी शिकवते. घोगऱ्या आवाजात कविता वाचून दाखवताना मागच्या बाकावरची मुलं खाली मान घालून हसायची. त्याचं मला काही वाटलं नाही, आवाज परत येणार हे ठाऊक होतं. तो आलाही. डॉक्टरांनी एक छोटी पांढरी गोळी जन्मभरासाठी दिली. सकाळी उठल्या उठल्या, उपाशीपोटी घ्यायची, त्यावर बराच वेळ चहा नाही. माय माझ्यासोबत थांबायची. तिला गोळी नव्हती, मधुमेह नव्हता, काही नव्हतं. तरी चहाचं आधण गॅसवर ठेवून ती घड्याळाकडं बघत बसायची. "तू पी की," मी म्हणायचे. "येकटीनं काय चहा प्यायचा," असं तिचं उत्तर असायचं.

केस जायला लागले ते संक्रांतीच्या सुमारास. आधी उशीवर, मग मोरीच्या जाळीवर, मग पेपरांवर. सराव परीक्षेचे पेपर तपासताना एका मुलीच्या निबंधावर माझा लांब केस पडला. मी तो उचलला तर दुसरा पडला. निबंधाचा विषय होता 'माझे आवडते झाड'. त्या मुलीला मी विनाकारण कमी गुण दिले आणि मग खोडून वाढवले.

डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी रिपोर्ट बघितला, गोळीची मात्रा बदलून दिली आणि म्हणाले, "येतील हो केस. थोडे महिने जाऊ द्या. जीव महत्त्वाचा की केस?" हा प्रश्न मला त्या वर्षी इतक्यांनी विचारला की शेवटी वाटायचं, एकदा तरी 'केस' म्हणून सांगावं. जीव आणि केस यांतलं एक निवडायला मला कुणीच सांगितलेलं नव्हतं. जीव राहिला याबद्दल केसांवर पाणी सोडावं, असा करार मी केव्हा केला होता?

आणि सल्ले. छावणी भागातल्या आमच्या गल्लीत सल्ला न देणारं माणूस मी पाहिलेलं नाही. कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्यानं मी मागितलेल्या गोळ्यांबरोबर न मागितलेलं तेल पुढं केलं. समोरच्या काकूंनी जास्वंदीचा पाला आणून दिला आणि तो मी लावला की नाही हे बघायला रोज दारात यायच्या. एकीनं सरळ विचारलं, "कॅन्सर होता का गं? नाय, सांगत नाहीत लोक." नव्हता. हे मी तिला सांगितलं तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जी किंचित निराशा आली ती मी विसरलेले नाही.

या सगळ्यात गप्प होती ती फक्त माय. ती माझे केस विंचरायची. शस्त्रक्रियेनंतर मान मागं टाकली की ओढ बसायची म्हणून तिनं कंगवा हातात घेतला, तो मान बरी झाल्यावरही सोडला नाही. दर वेळी कंगव्यात अडकलेली गुंतवळ काढायची, बोटाभोवती गुंडाळायची आणि पिवळ्या कापडी पिशवीत टाकायची.

आमच्या घरी गुंतवळ टाकून द्यायची पद्धत कधीच नव्हती. लहानपणी भिंतीच्या कोनाड्यात एक भगदाड होतं, त्यात माय, मी आणि आत्या आपापली गुंतवळ खोचून ठेवायचो. इतर बायका म्हणायच्या, केस बाहेर टाकू नये, कुणी करणी करतं. माय त्यावर हसायची. "करणी करायला कुणाला येळ हाय? भांडी येतात म्हणून ठेवायचे." आणि खरंच, चार-सहा महिन्यांतून एकदा डोक्यावर भांड्यांची टोपली घेतलेली बाई गल्लीत ओरडत यायची, 'केसावर भांडीऽऽ', आणि कोनाडा रिकामा होऊन घरात एखादी वाटी, झारा, पळी यायची. आमच्या घरातली पहिली स्टीलची ताटली तीन बायकांच्या डोक्यांतून आलेली आहे. मी त्यात अजून जेवते.

म्हणून माय माझे केस साठवतेय हे मला दिसत होतं, पण ते कशासाठी हे मी विचारलं नाही. वाटी येईल असंच धरून चालले.

जानेवारीच्या शेवटी मी शहागंजात गेले, कुणाला न सांगता. बांगड्यांच्या दुकानांच्या रांगेत एका म्हाताऱ्या चाचांकडं वेणीत गुंफायची गंगावनं टांगलेली असतात. बायका लग्नाकार्याला नेतात. मी स्कार्फ घट्ट बांधून गेले होते. चाचांनी स्कार्फकडं एकदा बघितलं आणि पुन्हा बघितलं नाही, एवढी सभ्यता त्या वर्षी मला दुसरीकडं मिळाली नाही.

"बाजी, हात लगा के देखो. बिल्कुल अस्सल के माफिक है."

"अस्सल है क्या?"

"अस्सल के माफिक है," त्यांनी शांतपणे पुन्हा सांगितलं.

त्यातलं एक मी घेऊन आले. मायनं ते खिडकीपाशी उन्हात धरलं, तर निळसर चमकलं. "ही घोड्याची शेपटी कुठून आणली?" ती म्हणाली. "प्लास्टिक हाय हे. वर्गात पंख्याखाली उभी राहिलीस की पोरं घोडं आलं म्हनतील." मी तोंड फिरवून बसले. ती माझ्या समोर येऊन बसली. "मी बांधून देते. तुझेच केस, तुलाच लावू. कुनाला कळायचं नाय."

मला तेव्हा समजलं की पिशवी वाटीसाठी नव्हती.

पैठणकडच्या तिच्या गावात तिची एक मावशी बायकांना गंगावनं बांधून द्यायची. माय लहानपणी तिच्याजवळ बसून ते शिकली होती. फेब्रुवारीतल्या दुपारी मी कॉलेजातून आले की ती गच्चीवर बसलेली असायची. केस रिठ्याच्या पाण्यात धुऊन सुपात वाळत घातलेले. मग एकेक गुंतवळ सोडवायची, मुळं एका बाजूला, टोकं एका बाजूला अशी जुळवायची, आणि पायाच्या अंगठ्याला काळा दोरा अडकवून, तो ताणून, बोटभर जाडीच्या बटेभोवती गाठ मारायची. कामाला घाई अजिबात नव्हती. कडुनिंबाची पानं तिच्या सुपात पडायची, माय ती वेचून बाजूला करायची. मी जिन्यातून बघायचे आणि खोलीत निघून जायचे.

मला त्या दृश्याची किळस यायची. हे लिहायला मला एक वर्ष लागलं.

मोरीच्या जाळीवरून मी जे डोळे मिटून उचलत होते, तेच ती मांडीवर घेऊन कुरवाळत बसलेली. माझ्या अंगातून जे जे गेलं ते सगळं परत माझ्याच डोक्याला बांधायचं. खालच्या मजल्यावरून माझी भावजय शोभा मदतीला वर यायची आणि दोघी गच्चीत हळू आवाजात बोलायच्या. मी गेले की गप्प व्हायच्या. मला वाटायचं, माझ्याबद्दल बोलताहेत.

एका संध्याकाळी मायनं अर्धवट झालेलं गंगावन माझ्या मानेमागं धरलं आणि म्हणाली, "आरशात बघ." मी बघितलं. रंग जुळत होता. जुळणारच. मी तिचा हात झटकला.

"मेलेल्या केसांची वेणी घालून मी वर्गात जाऊ? फेकून दे ते."

"मेलेले कसे? तुझेच हायत."

"माझे असते तर माझ्या डोक्यावर राहिले असते."

तिनं ते गुंडाळून पिवळ्या पिशवीत ठेवलं. "राहू दे," ती म्हणाली. "आज नको म्हनतीस, उद्या मागशील."

तिसऱ्या दिवशी सकाळी मी गोळी घेतली, ती चहाचं आधण ठेवायला उठली आणि ओट्यापाशी खाली बसली. भाऊ रिक्षा घेऊन येईपर्यंत सगळं संपलं होतं. त्या दिवशी बारावीच्या इंग्रजीच्या पेपराला माझं पर्यवेक्षण होतं. कॉलेजातून तीनदा फोन आला.

आम्ही बौद्ध, आमच्याकडं तेरावं नसतं. सातव्या दिवशी पुण्यानुमोदन ठेवलं होतं. पांढऱ्या साड्या नेसून बायका आल्या, वंदना झाली, आणि मी डोक्यावरून पदर घेऊन बसले होते. तो सरकला. मागून कुणी तरी कुणाला तरी म्हणालं, "आईच्या दुःखानं केस गेले गं पोरीचे, सात दिवसांत." त्या बाईकडं वळून मला सांगायचं होतं की माझं दुःख सात दिवसांचं आहे आणि केस संक्रांतीपासून जाताहेत. दुःखाला तेवढं तरी श्रेय नको. मी पदर पुन्हा डोक्यावर ओढला. बोलले ते दुसऱ्या दिवशी, आणि शोभाला.

पिवळी पिशवी जागेवर नव्हती. मायची खोली धुऊन पुसून चकचकीत केलेली, तिचे कपडे घड्या घालून वेगळे ठेवलेले, चष्मा, वहाणा, पंचशीलाची जुनी पुस्तिका, सगळं होतं. मी खाली गेले. शोभा भांडी घासत होती.

"पिशवी कुठंय?"

तिनं नळ बंद केला. "ती केसवाली आली होती ताई, पुण्यानुमोदनाच्या आदल्या दिवशी. तिला दिली."

"दिली?"

"डबा दिला तिनं."

मी काय काय बोलले ते मी इथं लिहीत नाही. त्यातलं सौम्य एवढंच होतं की माणूस जाऊन सहा दिवस झाले नाहीत आणि तू भंगारवालीला बोलावलंस. भाऊ बाहेर येऊन उभा राहिला. भाचीनं दार लावून घेतलं. शोभा ओल्या हातांनी ऐकत राहिली आणि शेवटी एवढंच म्हणाली, "चुकलं माझं."

तेव्हापासून वर्षभर मी तिच्याशी बोलले नाही. एका घरात, एका जिन्यावर, हे सोपं नसतं. त्याला रोज लक्ष द्यावं लागतं. ती भाजीची वाटी पायरीवर ठेवून जायची, मी वाटी धुऊन त्याच पायरीवर ठेवायचे. भाचीकडून निरोप जायचे. मला त्या रागाचा आधार होता. सकाळी गोळी घेतल्यावर चहाशिवायचा जो वेळ असतो, तो मी शोभाचा राग करण्यात घालवायचे. मायच्या हातानं शेवटचं जे काही बांधलं ते कुठल्या तरी पोत्यात गेलं, ही गोष्ट मी दररोज नव्यानं उगाळायचे. त्यामुळं दुसरी एक गोष्ट मला आठवावी लागत नव्हती.

या मार्चमध्ये पानगळ सुरू झाली आणि एका दुपारी गल्लीत आवाज आला, 'केसावर भांडीऽऽ'. मी चप्पल न घालता खाली धावले. तीच बाई होती की नाही मला माहीत नव्हतं. टोपली खाली उतरवून ती फाटकापाशी पाणी पीत होती. पाणी शोभानं दिलं होतं.

"गेल्या साली या घरातून एक पिवळी पिशवी नेली होती तुम्ही," मी म्हणाले. "त्यात बांधलेली जुडी होती. काळ्या दोऱ्यानं."

"व्हय," ती म्हणाली. "हाय ध्यानात. बांधलेलं कुणी देत नाय ना."

"कुठं असेल ते?"

तिनं पाण्याचा तांब्या खाली ठेवला. "बाई, केस काय कुनाच्या नावानं राहतोय? पोत्यात गेला. पोतं जालन्याला गेलं. तिथून म्होरं कुठं जातंय आम्हाला ठाव नाय." मग तिला काही आठवलं. "पर ती जुडी सोडायला माझा सगळा दिस गेला. लई घट्ट गाठी. सुईनं उसकून उसकून सोडवल्या. कुनी बांधली व्हती?"

"आमच्या मायनं."

"हात चांगला व्हता," ती म्हणाली आणि टोपली डोक्यावर घेतली.

मी जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसले. कुणी तरी त्या गाठी सुईनं सोडवल्या होत्या. हरवलं हे मी सोसलं होतं. सोडवलं हे मला माहीत नव्हतं.

शोभा तशीच उभी होती. मी तिच्याकडं न बघता वर्षातलं पहिलं वाक्य बोलले. "तू मला विचारलं असतंस तर."

"विचारलं होतं," ती म्हणाली.

तिनं आवाज चढवला नाही. "मी वर आले होते. तुम्ही अकरावीचे पेपर घेऊन बसला होतात. मी दारातून म्हणाले, ताई, आत्याबाईंची ही पिवळी पिशवी ठेवू का? तुम्ही मान वर केली नाही. म्हणालात, देऊन टाक, मला ते डोळ्यांसमोर नको."

शोभा मायला आत्याबाई म्हणायची.

मला हे आठवत नव्हतं असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. दारातली सावली मला आठवत होती. हातात लाल पेन होतं आणि एका मुलानं 'आई' या शब्दावर दोन अनुस्वार दिले होते, ते मी खोडत होते, हेसुद्धा आठवत होतं. माझा आवाज तेवढा मी वर्षभर ऐकायचं टाळलं होतं. शोभाचा राग त्यासाठी लागत होता.

"मग तेव्हा का बोलली नाहीस?" मी विचारलं. "सगळ्यांसमोर ऐकून घेतलंस."

"तुमच्यासाठी नाही," ती म्हणाली. आता तिचा आवाज टोकदार झाला. "तुमच्यासाठी मी गप्प बसले असं समजू नका ताई. आत्याबाई गेल्या त्या तुम्ही त्यांचा हात झटकलात ते घेऊन गेल्या. मला गच्चीत सांगितलं होतं त्यांनी. वर आणखी लोकांना कळायला नको की पोरीनंच त्यांची जुडी द्यायला लावली. त्यांची अब्रू म्हणून गप्प बसले. तुम्ही मला जे बोललात ते मी विसरलेले नाही."

"मीही विसरलेले नाही," मी म्हणाले. हे माफी मागण्यासारखं नव्हतं. मला माफी मागता येत नाही.

ती आत गेली आणि एक स्टीलचा डबा घेऊन आली. झाकणावरचं कागदी लेबल तसंच चिकटलेलं. "हा त्या केसांवरचा. यात मी चिमूटभर मीठसुद्धा ठेवलं नाही. घेऊन जा."

मी घेतला. दोघींपैकी कुणीही 'असू दे' म्हणालं नाही.

वर येऊन मी लेबल काढायला बसले. ते निघेना, तेल लावून नखानं खरवडावं लागलं. मग सकाळची गुंतवळ, जी मी वर्षभर कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकत आले, ती बोटाभोवती गुंडाळून डब्यात टाकली आणि झाकण लावलं. मनात ठरवलं की डबा अर्धा भरला की बघू. काय बघू, ते ठरवलं नाही.

आणि इथं त्या रोगानं पुन्हा एकदा माझी खोड काढली. दुसऱ्या दिवशी कंगव्यात पाच-सहा केस आले. तिसऱ्या दिवशी तीन. डॉक्टरांनी हिवाळ्यात मात्रा परत बदलली होती, ती आता लागू पडली असणार. भांगाच्या कडेला बोट फिरवलं तर खुंटासारखं काही टोचतं. कॉलेजात भूगोलाच्या बाईंनी ते माझ्याआधी बघितलं. "बघा, म्हटलं होतं ना," त्या म्हणाल्या. कडुनिंबालाही तांबूस पालवी आली होती, पंधरा दिवसही झाले नव्हते. मी वर्षभर ज्या स्वच्छ कंगव्यासाठी तळमळले तो माझ्या हातात होता आणि मला त्याचा संताप आला. जेव्हा पिशवीभर केस गळत होते तेव्हा मला ते नको होते. आता एका बोटाएवढी बट बांधायची म्हटली तर केस गळत नाहीत.

रविवारी दुपारी डबा घेऊन मी खाली गेले. शोभा गहू निवडत बसली होती. झाकण उघडून मी डबा तिच्यासमोर ठेवला. तळाला चार-पाच पोकळ भेंडोळी होती.

तिनं आत डोकावलं. "एवढ्याचं काय होतंय? उंदराची शेपटीसुद्धा होणार नाही."

"होऊ दे न होऊ दे," मी म्हणाले. "मायनं तुला गाठ शिकवली होती ना?"

"तुम्ही शिकायला तयार नव्हता म्हणून."

"हो."

ती गहू निवडत राहिली. दोन खडे काढून बाजूला ठेवले. मग परात सरकवली, आत जाऊन काळ्या दोऱ्याचं रीळ आणलं आणि माझ्यासमोर जमिनीवर बसली.

"पाय पुढं करा."

मी पाय पुढं केला. तिनं माझ्या अंगठ्याभोवती दोऱ्याचे दोन वेढे घेतले आणि दुसरं टोक हातात धरून असं ओढलं की अंगठा पांढरा पडला.

"दुखतंय?"

"नाही."

"दुखायला पाहिजे," ती म्हणाली आणि आणखी ओढलं. "आत्याबाईंचा अंगठा दोऱ्यानं कापायचा. त्याशिवाय गाठ बसत नाही."